एकाकी पदयात्रा : शिदोरी, साहित्य आणि सावधपण

गोदावरीच्या उत्तर तीरावर, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग जेथे नदी ओलांडतो, तेथे जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे शहागड हे गाव वसले आहे. पुलापलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. नदीच्या वरच्या अंगाला संत एकनाथ महाराजांचे पैठण आहे. याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान असलेले जांब हे गाव आहे. त्यामुळे या परिसरातून पायी जाणाऱ्या भाविकांची परंपरा जुनी आहे. दिंडीबरोबर चालणाऱ्यास पुढे-मागे माणसे असतात, पाण्याची व मुक्कामाची व्यवस्था असते. परंतु काही भाविक नवसापोटी, काही मौन व नामस्मरण अखंड राहावे म्हणून, तर काही केवळ आवड म्हणून एकटेच निघतात. नदीकाठची बाभूळबने, उसाचे फड, निर्जन पांदी आणि रात्रीचा उघडा माळ यांतून जाताना संकट ओढवले तर त्यांच्याजवळ दुसरा माणूस नसतो. अशा यात्रेकरूने निघण्यापूर्वी कोणती सिद्धता करावी, याचा विचार येथे केला आहे.

समर्थांचा आदर्श

एकट्याने रानावनांतून प्रवास करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण या जिल्ह्यानेच दिले आहे. जांब येथे इ. स. १६०८ मध्ये सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असता 'सावधान' हा शब्द कानी पडताच नारायण तेथून निघून गेले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्यानंतर नाशिकजवळील टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे तपाचरण केले आणि पुढे सुमारे तेवढाच काळ भारतभर पायी भ्रमण केले, असे चरित्रकार सांगतात.

या क्रमातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. समर्थ घरातून निघाले ते थेट भारतभ्रमणास गेले नाहीत. आधी बारा वर्षे त्यांनी शरीर व मन घडविले. टाकळीतील नित्याचे सूर्यनमस्कार, पहाटेचे नदीस्नान आणि पाण्यात उभे राहून केलेला जप यांची वर्णने परंपरेने जपली आहेत. सिद्धता आधी आणि प्रवास नंतर, हा त्यातील पाठ आहे.

दुसरा पाठ त्यांच्या साहित्याचा. सज्जनगडावर भाविकांना समर्थांच्या वापरातील वस्तू पाहावयास मिळतात. त्यांतील कुबडीत गुप्ती आहे. जपास बसताना हाताला आधार, आणि प्रसंग आल्यास शस्त्र, अशी दोन्ही कामे एकच वस्तू करीत असे. एकट्या प्रवाशाने वस्तू कशी निवडावी, याचा हा उत्तम नमुना होय. जी वस्तू दोन-तीन कामांस उपयोगी पडते तीच झोळीत असावी.

निघण्यापूर्वीची सिद्धता

पदयात्रेच्या किमान सहा आठवडे आधी चालण्याचा सराव सुरू करावा. आरंभी रोज चार-पाच किलोमीटर व हळूहळू पंधरा किलोमीटरपर्यंत जावे. अखेरच्या पंधरवड्यात पाठीवर प्रत्यक्ष नेण्याचेच ओझे घेऊन चालावे. पादत्राणे नवी नसावीत. नव्या चपलांनी पहिल्याच दिवशी फोड येतात आणि तिसऱ्या दिवशी यात्रा थांबते. पन्नाशीपुढील व्यक्तींनी, तसेच रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी केल्याशिवाय एकटे निघू नये.

एक रात्र आपल्याच गावच्या शेतात, बरोबर नेण्याच्या साहित्यावर काढून पाहावी. कोणती वस्तू निरुपयोगी आहे आणि कोणती राहून गेली आहे, हे त्या एका रात्रीत कळते. अंधाराची भीतीही तेथेच ओळखीची होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मार्गाची नोंद. कोणत्या दिवशी कोठून कोठे जाणार, मुक्काम कोठे, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करावा, हे कागदावर लिहून घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. वाटेत बेत बदलल्यास तो लगेच कळवावा. प्रत्येक मुक्कामी मंदिराच्या वा धर्मशाळेच्या नोंदवहीत नाव, गाव, दूरध्वनी आणि पुढील मुक्काम लिहावा. अनेकांना हा सोपस्कार वाटतो. परंतु एकटा यात्रेकरू नदीकाठी पाय मोडून पडला, तर त्याला शोधावयाचे कोठे हे त्या एका ओळीवरून ठरते. एकट्याने चालणाऱ्याचा खरा सोबती म्हणजे त्याची वाट पाहणारा माणूस होय.

झोळीत काय असावे

ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने सुमारे सहा किलो. त्यांत तीन लिटर पाण्याचे तीन किलो धरले की उरलेल्या साहित्यास तीनच किलो राहतात. म्हणून पुढील वस्तू पुरेशा आहेत :

१. काठी – चढ-उतारास आधार, गवतात पुढे आपटून सरपटणाऱ्या प्राण्यांना सूचना, पाण्याची व चिखलाची खोली पाहणे.

२. सुती पंचा वा उपरणे – ऊन असता डोक्यास, ओले करून अंगास, जखमेवर पट्टी व हात मोडल्यास झोळी म्हणून.

३. मेणकापड वा जाड प्लास्टिकचा कागद – पावसात आडोसा, रात्री ओलीपासून संरक्षण.

४. विजेरी व जादा सेल, तसेच पाणी लागणार नाही अशी बांधलेली काडेपेटी.

५. शिट्टी – गळ्यात दोरीने अडकविलेली. माणसाचा आवाज थोड्या वेळात बसतो, शिट्टी मात्र तासन्‌तास वाजविता येते.

६. दहा मीटर मजबूत दोरी, लहान चाकू, सुई-दोरा.

७. हलकी मच्छरदाणी व पातळ चादर. थंडीच्या दिवसांत चादरीऐवजी घोंगडी.

८. औषधे – नित्याची औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक पुरतील इतकी, जखमेसाठी मलम व पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटे, पाणी शुद्ध करणारे क्लोरीनचे थेंब वा गोळ्या.

९. ओळखपत्राची प्रत, रक्तगट, चालू असलेली औषधे व घरचे दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. हा कागद झोळीत न ठेवता खिशात ठेवावा.

१०. शिदोरी – दशम्या, गूळ-शेंगदाणे, फुटाणे. मराठवाड्यातील घराघरांत प्रवासासाठी दुधात मळलेल्या दशम्या करण्याची रीत आहे. त्या दोन-तीन दिवस टिकतात व शिजवावे लागत नाही.

यांपैकी पाणी, शिट्टी, विजेरी व ओळखीचा कागद या चार वस्तू अंगावरच असाव्यात. झोळी पाण्यात गेली वा हरवली तरी त्या जवळ राहतात.

ऊन आणि पाणी

नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीस असते, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर. चैत्र-वैशाखात या भागातील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. पहाटे निघून अकराच्या आत टप्पा संपवावा आणि चार वाजल्यानंतर पुन्हा चालावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडत असल्याची पहिली खूण आहे.

पाकीट नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून जलसंजीवनी करता येते. नदीचे वा विहिरीचे पाणी कापडाने गाळल्यास गाळ जातो, रोगजंतू जात नाहीत. ते उकळावे अथवा त्यात क्लोरीन घालून अर्धा तास थांबावे.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही उन्हाच्या त्रासाची लक्षणे दिसताच सावलीत बसावे, अंगावर पाणी शिंपडावे व त्या दिवशी पुढे जाऊ नये. बोलणे असंबद्ध होणे वा शुद्ध हरपणे हा उष्माघात होय. अशा व्यक्तीचे अंग भरपूर पाण्याने गार करीत तत्काळ रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. एकट्या यात्रेकरूने लक्षात ठेवावयाचे ते असे की, उष्माघातात सर्वप्रथम विचारशक्ती जाते. आपली शुद्ध जात आहे हे स्वतःस कळत नाही. म्हणून पहिल्या लक्षणासच थांबणे हा त्याच्यासाठी एकमेव उपाय आहे.

गोदामाईचे पाणी

शहागडसमोरच्या तीरावर, थोड्या अंतरावर गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. निजामअली सैन्यासह नदी उतरून पलीकडे गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर होता आणि गोदावरीस पूर आला होता. पेशवे माधवराव व रघुनाथराव यांनी हल्ला केला तेव्हा निजामास नदी ओलांडून मदतीस येता आले नाही. विठ्ठल सुंदर मारला गेला. हत्ती-घोडे व नावा बाळगणाऱ्या सैन्यालाही जे पाणी अडवू शकते, त्यात एकट्या माणसाने उतरू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आजचा धोका आणखी निराळा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचे १९७६ मध्ये लोकार्पण झाले. त्यास सत्तावीस दरवाजे आहेत. नाशिक-नगरकडे पाऊस झाला व धरण भरले की पाणी सोडले जाते, आणि येथे आकाश निरभ्र असतानाही नदी काही तासांत वाढते. ऑगस्ट २००६ मध्ये अशा विसर्गाने पैठण शहरात पाणी शिरले होते. सप्टेंबर २०२५ मध्येही मराठवाड्यातील अतिवृष्टीच्या काळात नदीकाठच्या गावांना मोठ्या पुरास तोंड द्यावे लागले. बातम्यांत येणारा एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. एक लाख क्युसेकचा विसर्ग म्हणजे प्रत्येक सेकंदास अठ्ठावीस लाख लिटर पाणी, हा हिशेब ध्यानात ठेवला तर इशाऱ्याचे गांभीर्य कळते.

धरणाच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी येथे बंधारे आहेत. त्यामुळे वरून शांत दिसणारे पात्र आत खोल असू शकते. वाळू उपशाने पडलेले खड्डेही पाण्याखाली दिसत नाहीत. म्हणून स्नान ज्ञात घाटावरच, दिवसा आणि तीरावर कोणी असतानाच करावे. पात्रातील वाळूवर वा बेटावर रात्री झोपू नये. पाणी गढूळ होणे, काड्या-पाला वाहत येणे, प्रवाहाचा आवाज वाढणे या खुणा दिसताच क्षणाचाही विलंब न करता उंचावर जावे. साहित्य उचलण्यासाठी मागे फिरू नये. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला पाडते. नदी नेहमी पुलावरूनच ओलांडावी. महामार्गावरून चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे व पहाटे-सायंकाळी पाठीवर चमकणारी पट्टी लावावी.

वीज, सर्प आणि विंचू

वळवाच्या व परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी जीवितहानी होते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदांस वीज सुमारे एक किलोमीटर दूर असते. तीस मोजण्याच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा. एकट्या झाडाखाली, पाण्यात वा विजेच्या खांबाजवळ थांबू नये. आश्रय नसेल तर सखल जागी पाय जुळवून, गुडघ्यांत डोके घालून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर आधीच घेऊन ठेवल्यास पूर्वसूचना मिळते.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी सर्प महाराष्ट्रात प्रमुख आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यास चावते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून उघड्या जमिनीवर न झोपता मंदिराच्या ओट्यावर वा ओसरीत, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचून झोपावे. दंश झाल्यास तो भाग हलू देऊ नये, अंगठी-कडे काढावे, वेळ लक्षात ठेवावी व शासकीय रुग्णालय गाठावे. जखम कापणे, रक्त चोखणे, घट्ट दोरी बांधणे, मांत्रिकाकडे जाणे यांत केवळ वेळ जातो. प्रतिविष हाच उपचार आहे. एकट्याने धावत सुटू नये. बसून आधी मदतीस फोन करावा आणि शिट्टी वाजवावी.

लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडणारे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर हे याच जालना जिल्ह्याचे सुपुत्र होत. एके काळी जीवघेणा ठरणारा हा दंश वेळेवर उपचार मिळाल्यास आज बरा होतो. घाम सुटणे, हातपाय गार पडणे, छाती धडधडणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे. सकाळी पादत्राणे व चादर झटकूनच वापरावी.

वाट चुकल्यास

वाट चुकल्याचे लक्षात येताच माणूस वेगाने चालू लागतो आणि अधिकच दूर जातो. यावर चार शब्दांचा नियम आहे : थांबावे, आठवावे, पाहावे, ठरवावे. प्रथम बसून घोटभर पाणी प्यावे. शेवटची ओळखीची खूण कोणती होती ते आठवावे. मग चौफेर पाहावे – विजेच्या तारा, मंदिराचा कळस, धूर, कुत्र्यांचे भुंकणे. या परिसरात दोन मोठ्या खुणा आहेत : दक्षिणेस गोदावरी आणि उत्तरेस जायकवाडीचा डावा कालवा. या दोहोंच्या मध्ये असणारा माणूस सरळ उत्तरेस वा दक्षिणेस चालल्यास यांपैकी एकास भेटतोच, आणि तेथून वस्ती गाठता येते. रात्री ध्रुवतारा उत्तर दाखवितो.

हात लांब करून क्षितिज व सूर्य यांच्यामध्ये आडवी चार बोटे मावली, तर सूर्यास्तास सुमारे एक तास उरला असे समजावे. तोपर्यंत वाट सापडली नाही, तर चालणे थांबवून उजेडातच सुरक्षित जागा निवडावी. तीन वेळा शिट्टी, थोडा विराम, पुन्हा तीन वेळा, असा इशारा देत राहावे. रात्री विजेरीनेही तसेच करावे.

संकटकाळी ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीचा संपर्क नसला तरी त्या ठिकाणी दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत. मोबाईलचा उपयोग दिवसभर करमणुकीसाठी करू नये. सायंकाळी निम्मी बॅटरी शिल्लक असावी.

परत फिरण्याचे बळ

साहित्य पुरेसे असूनही संकटात सापडणाऱ्यांत एक गोष्ट समान आढळते. परतण्याची वेळ त्यांना कळलेली असते, पण पाय मागे वळत नाहीत. भाविकाच्या बाबतीत हे अधिक कठीण होते. ताप आहे, नदी चढते आहे, तरी 'नवस मोडेल' या भयाने तो पुढे जातो.

अशा वेळी पैठणच्या नाथांची कथा आठवावी. रामेश्वरास वाहण्यासाठी दूरवरून आणलेली गंगेची कावड, वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी नाथांनी रिती केली. संकल्प अपुरा राहिला असे त्यांना वाटले नाही. रामेश्वर येथेच भेटला, हीच त्यांची भावना होती. मुक्या प्राण्याच्या जिवासाठी ज्या परंपरेत कावड रिती होते, त्या परंपरेत स्वतःचा जीव राखण्यासाठी यात्रा पुढे ढकलणे हा दोष कसा ठरेल? संकल्प सोडतानाच मनात म्हणावे की, देहाची अनुकूलता असेल तर या तिथीस, नसेल तर पुढच्या. परतण्याचा निर्णय घरी, शांत मनाने आधीच ठरवून ठेवला, तर वाटेत तो अपमान वाटत नाही.

एकांतात भीतीही येते. तिला हाकलण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा हातास काम द्यावे. आडोसा बांधावा, पाणी गाळावे, साहित्य मोजावे. नामस्मरणाने श्वास संथ होतो व बुद्धी स्थिर राहते, हा अनेक यात्रेकरूंचा अनुभव आहे.

दात्यांसाठी

तहानलेल्यास पाणी व वाटसरूस निवारा देणे हे दान आपल्याकडे फार जुने आहे. अहिल्यादेवी होळकरांनी देशभर बांधलेले घाट व धर्मशाळा त्याची साक्ष देतात. आजच्या काळी त्यांत थोडी भर घालता येईल. घाटावर दोरी बांधलेली हवा भरलेली ट्यूब, पाण्याच्या खोलीचा फलक, रात्रभर जळणारा एक दिवा, प्रथमोपचार पेटी, पाणपोई, निजण्यासाठी चार उंच बाजा आणि दाराशी एक नोंदवही. या वस्तूंचा खर्च फार नाही. त्यांपैकी एखादी वस्तू कोणाच्या प्राणांस कारण होईल, हे देणाऱ्यास कदाचित कधीच कळणार नाही. तरीही ते दान श्रेष्ठच होय.

जांबच्या बाल नारायणाने बोहल्यावर ऐकलेला शब्द प्रत्येक मंगलकार्यात आजही उच्चारला जातो. एकट्याने पाऊल उचलणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूने तो स्वतःस एकदा ऐकवावा आणि मगच उंबरठा ओलांडावा. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न व सुफल होवो आणि सर्वजण सुखरूप घरी परतोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.